जेट्टीवर झोपणाऱ्या पोरांसाठी रात्रीची खोली: उघडावी की नको?

मिऱ्यावरचा वारा
रत्नागिरी तालुक्यातल्या एका बंदराबद्दल लिहितोय. नाव मुद्दाम टाळतो, उद्या कोणी मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला जायला नको. पहाटेच्या लिलावाला गेलात तर माणसांच्या पायांमधून वाकून पडलेले बांगडे, माकुळ वेचणारी पोरं दिसतील. काहींचे बाप खलाशी, ट्रॉलरवर गेले की आठ-दहा दिवस पत्ता नाही. आया कोळंबी सोलायला. दोन-चार पोरं मात्र कोणाचीच नाहीत, रेल्वेने आलेली. रात्री जाळ्यांच्या ढिगावर ताडपत्री ओढून झोपतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा वर ओढून शाकारलेल्या होड्यांखाली.
मच्छीमार सोसायटीची डिझेल पंपामागची जुनी खोली रिकामी आहे. वर पत्रा घालायला लागेल एवढंच. आम्ही चार-पाच मित्र म्हणतोय, रात्री ती उघडू. जेवण, सतरंज्या, आतून कडी लागेल असा संडास. सकाळी पोरं मोकळी. तुमचं मत?

सुकटवाली
माझा विरोध. हेतूवर शंका नाही, पण चित्र बघा: चार-पाच पुरुष, मागच्या बाजूची खोली, रात्रीची वेळ. पोरांना नासवणारा माणूस नेमकी अशीच जागा शोधत असतो आणि येतो तो बिस्किटांचे पुडे घेऊनच. तुमच्यातला कोणी तसा नसेल. सहा महिन्यांनी जो सहावा येईल त्याचं काय? २०१५च्या बाल न्याय कायद्यात नोंदणीशिवाय मुलांची संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड, किंवा दोन्ही. ते कलम उगाच नाही घातलेलं.

मिऱ्यावरचा वारा
ताई, मग आज जाळ्यांवर झोपलेलं पोर सुरक्षित आहे का? तिथे तर दारसुद्धा नाही.

हापूस कलमवाला
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही पोरं इथली नाहीत. आज खोली, उद्या शाळा, परवा रेशनकार्ड. जेवण मिळतंय कळलं की आणखी येतील.

तांडेलाचा नातू
कलमवाले काका, पोरगं जेवणाच्या ताटासाठी इथे येत नाही. त्याच्या बापाला आपण बोलावलंय. आपली पोरं मुंबईला गेली, बोटीवर चढायला माणूस मिळेना म्हणून नेपाळ, कर्नाटकातून खलाशी आणले. तुमच्या बागेत राखणीला कोण असतं तेही सांगा जरा.

हापूस कलमवाला
राखण्याचं कुटुंब बागेतच राहतं, त्याची जबाबदारी मी घेतो. बोटमालकांनी तेच करावं. फुकटची खोली मिळाली की मालक हात झटकणार, लिहून ठेवा.

निवृत्त गुरुजी
कलमवाल्यांच्या शेवटच्या वाक्यात दम आहे. ज्या पोरांना आई आहे त्यांना खोली कशाला? आईला हात द्या. बालसंगोपन योजनेत अडचणीतल्या मुलामागे महिना २२५० रुपये कुटुंबाला मिळतात. कागद जमवताना दमछाक होते हे कबूल, परगावच्यांची तर जास्तच. शाळेचं मात्र तसं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्ग द्यावाच लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

कोर्टाची पायरी
वकील आहे म्हणून थोडं. दोन प्रकारची पोरं एकत्र कालवू नका. एकटं सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, न्यावं लागतं. कोणीही नागरिक नेऊ शकतो. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं, ही गोष्ट पोलीस चौकीतही पुष्कळांना माहीत नसते. नसेल जमत तर १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन.
खोलीचं म्हणाल तर वाट आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ५१ बघा: नोंदणीकृत संस्थेची जागा, चौकशी करून, समिती ‘योग्य सुविधा’ म्हणून मान्य करू शकते, तात्पुरती. मित्रमंडळ चालणार नाही.

बिनगावचा
मी बालगृहात वाढलोय. तिथे जेवण बरं होतं, मारही फार नव्हता. तरी पळालो. कारण समितीची पुढची तारीख कधी, घरी पाठवणार की नाही, हे कोणीच सांगत नसे. विचारलं की ‘बघू’. वकीलसाहेब, तुमचे २४ तास बरोबर असतील, पण जे पोर एकदा पळालंय ते नाव विचारल्याबरोबर उठून जातं. पहिल्या रात्री फक्त जेवू घाला, पिशवी ठेवायला कोपरा द्या. त्याची पिशवी सकाळी जागेवर सापडली तर ते दुसऱ्या रात्री येतं.

कोर्टाची पायरी
दादा, पटतंय. पण न कळवणं हाही गुन्हाच आहे. कळवा, आणि कळवलंय हे त्याला तोंडावर सांगा. लपवून कळवलंत तर विश्वास गेलाच.

बिनगावचा
सांगितलंत तर निम्मी जातील.

देवगडकार
ह्यां सगळां खरां, पण रात्री बाराक पोराक ताप इलो तर डॉक्टराक कोण उठवतलो? आणि चावी कोणाकडे रवतली?

मिऱ्यावरचा वारा
चावी माझ्याकडे राहील असं धरलं होतं, ते आता सोडतो. सोमवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातोय. गावातल्या महिला मंडळाची नोंदणी आहे, त्यांच्या नावाने अर्ज होतो का बघतो. आई असलेल्या पोरांची यादी गुरुजींकडे देतो. खोली फक्त एकट्या पोरांसाठी. बोटमालकांनी खर्च उचलावा हे सोसायटीच्या सभेत मांडीन.

हापूस कलमवाला
सभेत मांडा, मी येतो. खोलीला विरोध कायम.

सुकटवाली
रात्रपाळीला पगारी बाई मिळाली का ते आधी सांगा. पत्र्याचं नंतर बोलू.