'परामर्श घेणे' : सल्ला, समीक्षा की खरडपट्टी?

प्रश्न : जुन्या मासिकांतली परीक्षणं वाचताना 'प्रस्तुत लेखकाच्या मतांचा येथे परामर्श घेऊ' अशा धर्तीची वाक्यं सारखी भेटतात. हा शब्द मी आधी हिंदीत ऐकला, तिथे तो सल्ला या अर्थी. मग समीक्षक लेखकाचा सल्ला घेतोय की काय?

उत्तर : नाही हो ताई, सल्ल्याचा इथे संबंध नाही. मराठीत परामर्श घेणे म्हणजे एखादं मत, पुस्तक किंवा प्रश्न नीट तपासून त्याचं विवेचन करणं. मूळ धातू 'मृश्', म्हणजे स्पर्श करणे, चाचपणे, 'विमर्श'ही त्यातलाच. सोपी खूण सांगतो : हिंदीत परामर्श कुणाकडून तरी घेतात, मराठीत कशाचा तरी घेतात.

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, तर ही पक्की संज्ञा आहे. डोंगरावर धूर दिसला. जिथे धूर तिथे आग हे आपल्याला ठाऊक आहे. 'आगीशी असा कायम जोडलेला धूर या डोंगरावर आहे' हे जे ज्ञान होतं, तो परामर्श. डोंगरावर आग आहे हा निष्कर्ष त्यानंतरचा. 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथातली व्याख्या अशी : 'व्याप्तिविशिष्टपक्षधर्मताज्ञानं परामर्शः'. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या त्रैमासिकाचं नाव 'परामर्श' आहे, ते या अंगाने फार चपखल वाटतं.

आणखी एक मत : व्याख्या मान्य, पण शब्द इतका सोवळा राहिलेला नाही. 'विरोधकांच्या आक्षेपांचा कडक परामर्श घेतला' असं लिहिलं की आता कुणाची तरी सालं निघणार हे वाचकाला कळतं. 'समाचार'चंही तेच झालं. आजाऱ्याच्या समाचाराला आपण मोसंबी घेऊन जातो आणि उशिरा घरी आलेल्या पोराचा 'चांगला समाचार' घेतो! परामर्शालाही जुन्या मराठीत विचारपूस, देखभाल असा मायेचा अर्थ होताच.

उत्तर : खरं आहे. 'टीका'ही त्याच वाटेने गेली. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' या ओवीत टीका म्हणजे भाष्य. आज टीका केली म्हटलं की लोक विचारतात, कुणावर? तरी माझ्या कानाला परामर्शात अजून थोडा संयम ऐकू येतो. म्हणून 1874 साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींवर जे लिहिलं, त्याला मी परामर्श म्हणणार नाही. तो खरपूस समाचार. वाचायला झणझणीत, पण समोरच्याचं म्हणणं शांतपणे तोलून पाहण्याची तिथे फारशी इच्छा दिसत नाही. ताशेरे ओढणे आणखी वेगळं. ते न्यायालयाने प्रशासनावर ओढावेत. त्यात वरून खाली बोलण्याचा अधिकार गृहीत आहे. आणि वाभाडे काढणाऱ्याला तर अधिकारही लागत नाही.

पुन्हा प्रश्न : मग एका कवितासंग्रहावर लिहिताना 'परामर्श' चालेल?

उत्तर : चूक नाही, पण जड होईल. एका संग्रहाला परीक्षण पुरे. आवडला असेल तर रसग्रहण. 'साठोत्तरी कवितेतील बंडखोरीचा परामर्श' असा विषयाचा पसारा असेल तिथे खुशाल वापरा. फक्त 'धावता परामर्श' लिहू नका, धावता असतो तो आढावा.