मग इंडोनेशियाचं काय?
"धर्म पसरतो तो राजसत्तेच्या आणि तलवारीच्या जोरावर" असं नेहमी म्हटलं जातं, पण मला ते अर्धंच पटतं. जगातले सर्वाधिक मुसलमान ज्या देशात आहेत त्या इंडोनेशियात अरबांची फौज कधी उतरलीच नाही. तिथे इस्लाम आला तो गलबतांतून, मसाल्याच्या व्यापाऱ्यांबरोबर. सुमात्रातल्या पासाईचा सुलतान मलिक अल-सालिह याच्या थडग्यावर १२९७ सालाची नोंद आहे. पुढे जावात देमाकची मुस्लिम सल्तनत आणि मजापहितचं हिंदू-बौद्ध राज्य यांच्यात लढाया झाल्या, नाही असं नाही, पण दोन्हीकडचे लोक जावाचेच.

मला जास्त गंमत वाटते ती भाषेची. नवा धर्म आला, पण त्याचं सामान जुन्याच डब्यांत भरलं गेलं. तिथला मुसलमान रमजानच्या रोज्याला 'पुआसा' म्हणतो, म्हणजे आपला उपवास. स्वर्ग 'सुर्गा', नरक 'नेराका', पाप 'दोसा', पुण्य 'पाहाला' (मूळ शब्द फल), आणि खुद्द धर्माला शब्द 'आगामा'! जावातल्या कुदुसच्या मशिदीचा विटांचा मनोरा तर सरळसरळ जुन्या हिंदू देवळाच्या घाटाचा आहे. ती १५४९ची मानतात. वायांग या छायानाट्यात पांडव तर टिकलेच, वर युधिष्ठिराच्या 'कालिमासाद' या दिव्य वस्तूचा अर्थ 'कलमा शहादत' (इस्लामवरच्या श्रद्धेची ग्वाही देणारं वचन) असा लावला गेला. आता यात कोणी कोणाला बदललं, हे ठरवणं अवघडच.