मदत हवी आहे : 'पाणी' या विषयावरच्या मैफलीसाठी रचना सुचवा

आमचा हौशी वाद्यवृंद येत्या हंगामात प्रत्येक मैफल एकेका विषयावर करणार आहे. पहिला विषय पाणी. हँडेलच्या 'वॉटर म्युझिक'मधले (१७१७) निवडक भाग आणि मेंडेल्सनचं 'हेब्रिडीज' (स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बेटांवरून सुचलेली रचना) नक्की झालंय.

अडलंय उत्तरार्धात. अर्ध्या जणांना स्मेतानाचं 'व्ल्तावा' (१८७४), म्हणजे त्याच नावाच्या चेक नदीचं संगीतचित्र, हवंय. उगमापासून नदी मोठी होत जाते, ते श्रोत्यांना सहज कळतं. पण त्यात हार्प, तीन ट्रॉम्बोन, ट्यूबा! आमच्याकडे हार्प नाही, ट्रॉम्बोनवाला एकच. शिवाय सुरुवातीचा दोन फ्लूटचा लपंडाव पाहून आमचे फ्लूटवाले आत्ताच धास्तावलेत. बाकीचे म्हणतात, बेथोव्हनची सहावी सिम्फनी घ्या, तिच्यात ओढाही आहे आणि वादळही. पण ती जवळपास चाळीस मिनिटांची, आणि मला तरी ती या विषयात ओढूनताणून बसवल्यासारखी वाटते.

हार्पचा भाग पियानोवर घेऊन कुणी 'व्ल्तावा' वाजवलंय का? कानाला कितपत खटकतं? छोट्या वाद्यवृंदाला झेपेल असं, पंधरा मिनिटांच्या आतलं दुसरं काही असेल तर तेही सांगा. डेब्युसीचं 'ला मेर' मात्र नको, त्याला तर दोन हार्प लागतात.