प्रतिसाद : गठ्ठ्यातलं जुनं वर्तमानपत्र फेकू नका

काकांनी म्हापशाच्या घरी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेल्या वाळक्या झाडांच्या नमुन्यांचे गठ्ठे कसे जपायचे, असं तुम्ही विचारलंय. ते उन्हात घालून लॅमिनेट करा, असं वर कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. उन्हाने रंग उडतो, आणि लॅमिनेट केलेलं फूल पुढे कुणाला भिजवून, उलगडून तपासता येत नाही.

आधी कीड मारा. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरात आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी थेट कागदावर धरतं. हातमोजे घालाच, पूर्वी नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते विषारी आहे.

आता वर्तमानपत्र. एका निवृत्त सरांचे गठ्ठे लावताना मला चोर्ल्याच्या सड्यावरची (कातळी पठारावरची) सीतेची आसवं, म्हणजे एक छोटं रानफूल, 'गोमन्तक'च्या पानात मिळाली. फूल तपकिरी पडलेलं, पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त '214'. सरांच्या वहीत 214 समोर तारीख, जागा आणि 'फूल निळं-जांभळं, ओल्या कातळावर' एवढं होतं. त्या ओळीमुळे तो नमुना कामाचा ठरला. पानावरच्या छापील तारखेवर मात्र विसंबू नका, वाळवताना कागद बदलतात.

तेव्हा नमुने जाड कागदावर चिकटवण्याआधी काकांच्या वह्या शोधा, अगदी माळ्यावरसुद्धा. एकाच झाडाचे जादा नमुने असतील तर पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाला किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला) ते हवेत का, विचारून बघा. वह्या मिळाल्या की इथे कळवा, क्रमांक जुळवायला मी येईन.