शब्दचर्चा : ‘पिएन्सो’, पण ‘पेन्सामोस’, अशा क्रियापदांना मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न
स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी मी मराठीतून टिपणे तयार करत आहे. वर्तमानकाळात ‘पेन्सार’चे (विचार करणे) ‘पिएन्सो’, ‘पोदेर’चे (शकणे) ‘पुएदो’ आणि ‘पेदिर’चे (मागणे) ‘पिदो’ होते. ‘आम्ही’च्या रूपांत मात्र पेन्सामोस, पोदेमोस, पेदिमोस असा मूळ स्वर कायम राहतो. मी ‘धातू बदलणारी क्रियापदे’ असे लिहिले, तेव्हा धातू तोच राहतो, बदलतो केवळ त्यातील स्वर, असा आक्षेप एका सहाध्यायाने घेतला. योग्य संज्ञा कोणती?

प्रतिसाद १
आक्षेप रास्त आहे. ज्याला प्रत्यय लागतो त्या रूपाला संस्कृत व्याकरणात ‘अंग’ म्हणतात. म्हणून ‘अंगविकारी क्रियापदे’ म्हणावे. आपल्या परंपरेत नेमका शब्द असताना ‘स्टेम चेंजिंग’ ही इंग्रजी संज्ञाच देवनागरीत लिहून मोकळे होणे मला पटत नाही.

प्रतिसाद २
‘अंग’ म्हटले की आजच्या वाचकाला शरीरच आठवते. सहा रूपे (मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते) दोन स्तंभांत मांडून बदलणाऱ्या चार रूपांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार दिसतो, म्हणून पुष्कळ शिक्षक यांना ‘बूट क्रियापदे’ म्हणतात. जो शब्द वर्गात रुळला आहे तो टिपणात का नको?

प्रतिसाद ३
बुटाने आकार लक्षात राहतो, कारण समजत नाही. खरे कारण आघात, म्हणजे उच्चारात अक्षरावर पडणारा जोर, हे आहे. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांच्यावर आघात पडला की स्पॅनिशमध्ये त्यांचे ‘इए’ आणि ‘उए’ झाले, आणि आघात पुढच्या प्रत्ययावर सरकला की ते तसेच राहिले. नामांतही हेच दिसते : ‘पुएर्ता’ म्हणजे दार, पण ‘पोर्तेरो’ म्हणजे द्वारपाल; ‘सिएते’ म्हणजे सात, पण ‘सेतेन्ता’ म्हणजे सत्तर. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ वापरतात आणि तेथे आघात प्रत्ययावर असतो, म्हणून ‘तू पुएदेस’च्या जागी ‘वोस पोदेस’ असेच म्हणतात. हे एकदा कळले की कोष्टक पाठ करण्याचा अर्धा भार उतरतो. माझ्या मते ‘आघातविकारी’ हाच शब्द न्याय्य ठरेल.

प्रतिसाद १
याला आपल्याकडे जुना दाखला आहे. ‘इ’ (जाणे) या धातूचे एकवचनी रूप ‘एमि’, तर बहुवचनी ‘इमः’. वैदिक स्वरांकनात पहिल्यात उदात्त (उंच सूर) धातूवर आहे, दुसऱ्यात प्रत्ययावर. ‘इ’चा असा ‘ए’ होण्यालाच आपण गुण म्हणतो, मग ‘गुणविकारी’ का म्हणू नये?

प्रतिसाद ३
साम्य मोहक आहे, परंतु दोन्ही भाषांतील बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत. शिवाय ‘ते जातात’ या अर्थी संस्कृतात ‘यन्ति’ हे दुर्बल (गुण न झालेले) रूप येते, तर स्पॅनिशमध्ये ‘ते’चे रूप ‘पिएन्सान’ असे एकवचनाच्या बाजूला जाते. ‘गुण’ हा शब्द वापरल्यास नसलेले नाते सूचित होईल.

प्रतिसाद ४
‘आघातविकारी’लाही अडचण आहे. ‘पेदिर’चे कृदन्त ‘पिदिएन्दो’ होते. तेथे आघात पुढे असूनही ‘इ’ येतोच. ‘दोर्मिर’चे (झोपणे) ‘दुर्मिएन्दो’ही तसेच. म्हणजे ‘इर’-अन्त्य क्रियापदांचा हा गट त्या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
माझ्यापुढे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. ‘एन्तेन्देर’चे ‘एन्तिएन्दो’ होते, पण ‘प्रेतेन्देर’चे ‘प्रेतेन्दो’च राहते, मूळ रूप पाहून हे ओळखता येत नाही. त्यामुळे प्रत्येक शब्दापुढे कंसात ‘इए’, ‘उए’ अशी खूण द्यावी लागेल, आणि त्या खुणांच्या स्तंभाला तरी काही शीर्षक हवेच.

प्रतिसाद २
शीर्षक ‘स्वरबदल’ द्यावे. ते कोणालाही कळेल.

प्रतिसाद १
‘स्वरबदल’ फार व्यापक आहे. मराठीत ‘फूल’चे ‘फुले’ होते, तोही स्वरबदलच. तेथे कारण आघाताचे नसून अक्षराच्या स्थानाचे आहे. त्या दोहोंना एकच नाव देण्यास माझा विरोध कायम आहे.