जागतिक कापूस दिन की आपली सीतादही? गावानं कोणता सण धरावा

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

7 ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन. कापसाच्या जिल्ह्यात राहूनही आपल्यातल्या बहुतेकांना तो ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही तो शहरातल्या सभागृहातच पाहिला असेल. माझा प्रस्ताव असा की कापसाच्या गावांनी हा दिवस गावसण म्हणून धरावा. त्या दिवशी वेचणी बंद. वेचणाऱ्या बायांची त्या दिवसाची मजुरी मालकानं द्यायची, दुपारी त्यांना पारावर जेवायला बसवायचं आणि वाढायचं पुरुषांनी.

कारण सांगतो. आपल्या सणांत कष्टाची कदर आहे, पण ती कुठं येऊन थांबते ते पाहा. श्रावण अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. पोळ्याची गाणी म्हणजे झडत्या रंगतात, पोळा फुटतो, गडी बैल घेऊन दारोदार जातो आणि बोजारा, म्हणजे ओवाळणी, मिळवतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचे लाकडी बैल. बैलाचा मान झाला, गड्याचा झाला, लेकरांचाही झाला. सरकी टोबण्यापासून निंदणापर्यंत आणि शेवटच्या वेचणीपर्यंत जिचे हात पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, असतात, बोंडाची नखं लागून जिची बोटं फाटतात, तिच्या नावाचा एक दिवस वर्षात नाही. ही उणीव मला फार खुपते.

‘हे विदेशी दिवस आपल्याला कशाला’ असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून त्याचं मूळ सांगून ठेवतो. हा दिवस एखाद्या बियाणे कंपनीनं काढलेला नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार कापूस पिकवणाऱ्या गरीब देशांनी तो मागितला. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देऊन कापसाचा भाव पाडतात, अशी तक्रार घेऊन हेच चार देश 2003 पासून जागतिक व्यापार संघटनेत उभे आहेत. 2019 मध्ये जिनिव्हात पहिला कापूस दिन झाला, 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. त्यांचं दुखणं आणि आपलं दुखणं एकच आहे.

वर्धाकाठची (आर्वी)

तुमची तळमळ पोचली दादा, पण प्रस्तावाला माझा विरोध आहे. कापसाचा सण आपल्याकडे आहे आणि तो बायांचाच आहे. सीतादही. पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची बाई वावरात जाते, पऱ्हाटीच्या बुडाशी पूजा मांडते, हळदीकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, नव्या कापसाचा धागा झाडाला गुंडाळते आणि मगच पहिलं बोंड वेचते. दह्यासारखा पांढरा कापूस घरात येवो, एवढंच मागणं. माझ्या सासूबाईंनी एकही वर्ष चुकवलं नाही.

या सणाला तारीख नाही आणि त्यातच त्याचं शहाणपण आहे. ज्याचा कापूस ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी त्याचा सण. जूनच्या पहिल्या पावसावर ज्यानं टोबलं त्याचा दसऱ्याच्या आसपास, दुबार पेरणी ज्याच्या नशिबी आली त्याचा दिवाळीच्या तोंडावर. 7 ऑक्टोबरला अर्ध्या गावाची बोंडं हिरवीच असतात. हिरव्या बोंडापुढे उत्सव कसला करणार? आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच येतो.

माझं भय आणखी एक आहे. तारीख ठरली की बॅनर येतो, बॅनर आला की पाहुणे येतात, आणि ज्या बाईसाठी सण मांडला ती सतरंजीच्या मागच्या टोकाला बसलेली दिसते. शाळेतले आणि पंचायतीतले कितीतरी ‘दिन’ असेच होऊन गेलेले मी पाहिले आहेत.

धुऱ्यावरची (दारव्हा)

भाऊ, तुमी चांगल्या मनानं लिवलं. पन मी सोता वेचनीले जातो म्हून सांगतो, ऑक्टोबरात आमाले सुट्टी नोको. सोयाबीन सोंगनं अन् कापूस वेचनं एकाच टायमाले येते. हेच दिवस कमाईचे हायेत. पुढं वावर खाली झालं का हातावर हात ठेवून बसा लागते.

पूर्ण मजुरी देऊ म्हनता, तं किलोच्या हिशोबानं वेचनारीची पूर्ण मजुरी म्हंजे किती? माया हात चालते. मायासंग म्हातारी येते, तिची ओटी माया अर्धीबी भरत नाई. तिले किती देसान?

आमाले सण द्याचाच असन तं पयले काटा बरोबर द्या. सांजच्याले मोजताना गाठोड्याचं वजन म्हून कापते, ओला हाय म्हून कापते. सकायी दव पडलेला कापूस ओला नाई तं काय वाळलेला निंगन? सात वाजता बलावनारा मालकच असते.

पऱ्हाटीवाला

बाई, तुमच्या बोलण्यातलं काट्याचं सगळं मान्य. त्या दिवशी सकाळी गावातले सगळे काटे पारावर आणून प्रमाण वजनानं सर्वांसमक्ष तपासायचे, हे पहिलं काम धरू. म्हातारीचं उत्तरही आहे. आदल्या दिवशी अख्ख्या टोळीनं जेवढं वेचलं त्याची मजुरी सगळ्याजणींत सारखी वाटायची. एक दिवस तरी म्हातारी आणि तरणी एका मापात येतील.

वर्धाकाठची ताई, सीतादहीबद्दल तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं. पण ती मालकिणीची पूजा आहे. ज्या दहा बाया मागे ओटी बांधून उभ्या असतात त्यांच्या वाट्याला चमचाभर दहीभाताचा प्रसाद येतो आणि लगेच वेचणी सुरू होते. पूजा त्यांनाही प्रिय आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यात त्यांचा मान कुठे आहे?

विवेकवाट (चंद्रपूर)

सीतादहीबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी. हळदीकुंकू आलं की विधवा बाई बाजूला होते. आपल्या कापूस पट्ट्यात नवऱ्यानं जीव दिल्यावर वावर स्वतः सांभाळणाऱ्या बाया गावोगाव आहेत. सातबाऱ्यावर नाव तिचं, बँकेचं कर्ज तिच्या अंगावर, फवारणीपासून विक्रीपर्यंत सगळं ती करते, आणि पहिल्या बोंडाला हात लावायला जाऊ बोलवायची. अशा सणाला मी परंपरा म्हणून डोक्यावर घेणार नाही.

त्यापेक्षा 7 ऑक्टोबर बरा. त्या तारखेला सोवळं नाही, जात नाही, कुंकू नाही. कापूस दिनाला माझा पाठिंबा आहे, फक्त त्यात पूजा घुसवू नका. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचंच बघा. अक्षय्य तृतीयेला घट मांडायचा, भोवती धान्य ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं भाकीत ऐकायला शेकडो शेतकरी जमतात. लोक जमतात ते चांगलं, पण पेरणीचा निर्णय त्या भाकितावर घेतला तर नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

वर्धाकाठची

विवेकवाट, घटमांडणीचा वाद इथं नको, तो वेगळा आहे. पण विधवांबद्दल तुम्ही जे लिहिलं ते अनेक घरांत खरं आहे आणि मला त्याची चीड येते. आमच्या घरी मात्र मामेसासूबाई विधवा आहेत आणि गेली कित्येक वर्षं पहिलं बोंड त्याच वेचतात. हे सासूबाईंनी सुरू केलं, कुणाची परवानगी न घेता. पहिल्या वर्षी भावकीत कुजबुज झाली. आता कुणी बोलत नाही.

घरातला सण घरातल्या माणसाला बदलता येतो. जिनिव्हात ठरलेल्या तारखेत सासूबाईंना काय बदलता आलं असतं? म्हणून मी सीतादहीच धरून आहे. तिच्यातलं वाईट काढू, मजूर बायांना आत घेऊ, जेवण घालू. सणाचं नाव आपलंच राहू द्या.

जिनिंगरोड (हिंगणघाट)

दोन्ही बाजू वाचल्या. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कापसाच्या माणसाला आज कशाची गरज असेल तर भावाची. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये क्विंटल. तो घ्यायला सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जा, तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच असतो, म्हणून ज्याला दिवाळीसाठी पैसा हवा तो गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देईल त्या भावात घालतो. त्यात 2025 मध्ये 19 ऑगस्टपासून वर्षाअखेरपर्यंत 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं गेलं, म्हणजे आपला कापूस फुटायच्या वेळेला बाहेरच्या कापसाला दार उघडं.

अशा वेळी दहीभात खाऊन घरी जाणं मला पटत नाही. आपल्या मुलखात राग व्यक्त करायचाही सण आहे आणि तो कुणी मोलाचा समजत नाही, याचं वाईट वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घालवायचे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचाच बडग्या होतो. खेड्यापाड्यांत पोरं पहाटे ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत शिवेपर्यंत जातात. 7 ऑक्टोबरला कापसाची मारबत काढा. बोंडअळीची काढा, खोट्या काट्याची काढा, आयात शुल्काची काढा. आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यांच्यासाठी शिवेवर दोन मिनिटं उभे राहा. असा कापूस दिन असेल तर मी पहिला येईन.

पाटीवरचा (परतवाडा)

मी शिक्षक आहे, आधी मेळघाटात होतो. दोन गोष्टी सुचवतो.

शाळेपुरतं बोलायचं तर 7 ऑक्टोबर फार कामाचा आहे. पोरांना घरून मूठमूठ कापूस आणायला सांगावा, सरकी हातानं काढून दोन्ही वेगळं तोलावं. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची एक गठाण 170 किलोची. म्हणजे एका गठाणीला पाच क्विंटल कापूस लागतो, हे पोरं स्वतः काढतात. मग मी विचारतो, तुझी आई दिवसाला किती वेचते, आणि एका गठाणीला तिचे किती दिवस लागले? वर्ग शांत होतो आणि वह्या भराभर चालतात. गांधी जयंतीला टकळीवर सूत काढलेलं असेल तर पाच दिवसांनी हा पुढचा पाठ. सेवाग्राम आपल्याच मुलखात आहे, टकळी आपल्या शाळांतून गेली याचं मला दुःख आहे.

दुसरी गोष्ट मजुरीची. मालकानं द्यायची म्हटलं की ती दया होते. मेळघाटात कोरकूंच्या होळीला बाया रस्ता अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, नाचत, गात. जाणारा कितीही मोठा साहेब असो, फगवा दिल्याशिवाय सुटत नाही. त्यात लाचारी नसते. मागणाऱ्याचा मान त्या दिवशी देणाऱ्यापेक्षा मोठा असतो. वेचणाऱ्या बायांनी कापसाच्या गाडीपुढे उभं राहून असं काही मागितलं तर?

धुऱ्यावरची

गुरुजी, हे मले पटलं. पयली गाडी गावाबाहेर निंगाच्या आंधी आमी अडवू. गाडी अडवाले तारीख लागत नाई, गाडी भरली का तोच दिस. वर्धाकाठच्या ताईचंबी यात बसते.

पन एक इचारतो. आता निम्म्या टोळ्या बाहेरून ऑटोत भरून येतात. तिकडच्या बाया, तिकडचा मुकादम. त्यायचा फगवा कोन देईल? का तो मुकादमाच्या खिशात जाईन?

पऱ्हाटीवाला

गाडी अडवायची कल्पना माझ्या प्रस्तावापेक्षा सरस आहे. फगवा बाईच्या हातात, मुकादमाच्या नाही, हे ठरवून टाकावं. बाहेरच्या टोळीलाही तोच नियम. वावर इथलं आहे तर रीतही इथलीच लागू होईल. तरी 7 ऑक्टोबर मी सोडत नाही. काटे तपासायला, शाळेचा हिशोब मांडायला आणि जिनिंगरोड म्हणतात ती मारबत काढायला अख्ख्या गावाला एक ठरलेला दिवस लागतोच. वावरावावरातला सण वेगळा राहू द्या, गावाचा वेगळा.

दोन एकरवाला (बाभुळगाव)

सगळे मालक मालक म्हणून राहिले. माझं वावर दोन एकर. माझी बायको आमच्या वावरात वेचते आणि आमचं आटोपलं की दुसऱ्याच्या वेचणीला जाते. ती मालकीण धरायची की मजूर? माझी पहिली गाडी म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीत टाकलेली चार गाठोडी. ती अडवून माझीच बायको मला फगवा मागेल का? बियाण्याची उधारी त्याच पैशातून द्यायची असते. मोठ्या शेतकऱ्याकडून घ्या, जरूर घ्या. पण गावसण म्हणून नियम केला की तो आमच्यासारख्यावरही येतो.

वर्धाकाठची

दोन एकरवाले दादा, तुमच्यासारख्यांनी इर्जिक करावी. पाच-सहा घरांनी आळीपाळीनं एकमेकांच्या वावरात पहिली वेचणी करायची, ज्याचं वावर त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. पैसा लागत नाही, मजुरी फिटते. आमच्याकडे निंदणाला असं होत असे. सीतादहीही त्याच दिवशी, आणि पहिलं बोंड त्या पाच-सहा घरांतली सगळ्यात वयस्क बाई वेचेल, सवाष्ण असो की नसो.

7 ऑक्टोबरला माझा विरोध कायम आहे.

दोन एकरवाला

इर्जिक जमेल. जेवणात कढी-भाकर चालत असेल तर आमच्या आळीतली चार घरं तयार आहेत, बायकोला विचारून पाचवं सांगतो.

धुऱ्यावरची

अन् काटा? कोनाच्या घरून आननार, अन् कवा, ते आंधी लिवा.