स्पेक्ट्रमचे सांडणारे रंग
झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या गेममध्ये हिरो झाडाजवळ गेला की तोही हिरवा होतो, हा प्रोग्रामरचा आळस, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं. २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या पडद्याचं चित्र ६१४४ बाइटमध्ये एकरंगीच साठवायचं, आणि रंग वेगळे: ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एकच बाइट, म्हणजे एक शाईचा (चित्राचा) रंग नि एक कागदाचा (मागचा). हिरो नि झाड एकाच चौकोनात आले की दोघांना शाई एकच. असे ७६८ चौकोन. प्रत्येक ठिपक्याला आठ रंगांतला हवा तो रंग द्यायचा तर नुसत्या पडद्यालाच १८४३२ बाइट लागले असते. १९८२ च्या स्वस्त मॉडेलची अख्खी मेमरी १६३८४!

आमच्या मामाकडे भारतात परवान्यावर निघालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. कॅसेटवरून गेम चढताना ही विभागणी डोळ्यांनी दिसायची. आधी काळंपांढरं चित्र, तेही सलग नाही. पडद्याच्या एकेका तिसऱ्या भागात सात-सात ओळी सोडून रेघा उमटायच्या. मग अगदी शेवटी, काही सेकंदांत, वरून खाली चौकोन-चौकोन करत रंग भरत जायचे. आम्ही पोरं तेवढ्यासाठी श्वास रोखून बसायचो, गेम काय नंतरही खेळता यायचा.